दगडातला समुद्र, नोहाचे झरे आणि खटावचा कोरडा बोअर

गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या रानात तिसरा बोअर मारला. खटाव तालुका, एप्रिलचे शेवटचे दिवस. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. गाडी रात्री नऊला लागली आणि पहाटेपर्यंत साडेसहाशे फूट झाले. आधी मुरूम, मग काळा पाषाण. पन्नास फुटांच्या आसपास गेरूसारखा तांबडा चुरा वर आला, त्याला थोडी ओल होती. दाजी खाटेवरून उठून उभे राहिले. पण पुढे पुन्हा पाषाणच, आणि भोकातून नुसता फुफाटा. गाडीवाल्यानं विचारलं, अजून मारायचा का? दाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"पाव्हणं, तुमी कॉलेजात हेच शिकवताय न्हवं? हितं लिवलंय, जमिनीखाली समुद्र हाय, वरच्या समुद्राच्या तिप्पट. मग आपल्याला एक थेंब का लागंना?"

त्याच आठवड्यात मिरजेला परतलो, तर शेजारच्या सिस्टरबाई फाटकाशी थांबल्या होत्या. मिशन हॉस्पिटलात त्यांचं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. रोज पहाटे बायबल वाचतात. त्यांच्याकडेही तीच बातमी आली होती, फक्त मथळा वेगळा होता. "सर, उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात लिहिलंय ना, महाजलाशयाचे झरे फुटले म्हणून. शास्त्रज्ञांना सापडलं ते हेच पाणी का?"

बातमी एक, विचारणारे दोघं. एकाला ते पाणी पिकाला द्यायचं होतं. दुसरीला ज्या शब्दांच्या आधारानं आयुष्य काढलं, ते शब्द दगडानं खरे ठरवावेत असं वाटत होतं. दोघांनाही उडवून लावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी दोघांशी जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट, बातमी खोटी नाही. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात जुईना नावाचा भाग आहे. तिथे लोक नद्यांच्या उथळ वाळू-गोट्यांत हिरे शोधतात. २००८ मध्ये तिथे एक तपकिरी, ओबडधोबड, जेमतेम तीन मिलिमीटरचा हिरा मिळाला. दागिन्याच्या हिशेबानं कवडीमोलच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले ग्रॅहम पिअरसन आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच खनिजाच्या शोधात होते, त्या कामात हा हिरा त्यांच्या हाती आला. त्याच्या पोटात मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा एक स्फटिक अडकलेला निघाला. तो रिंगवुडाइटचा होता, आणि त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होतं. मार्च २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

रिंगवुडाइट हे नाव टेड रिंगवुड या ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिकावरून आलं. त्या हिऱ्याआधी हे खनिज माणसानं फक्त दोन ठिकाणी पाहिलं होतं, प्रयोगशाळेत आणि आकाशातून पडलेल्या उल्कांमध्ये. पृथ्वीच्या पोटात ते भरपूर असणार हे गणितानं कळत होतं, पण हाताला लागत नव्हतं. कारण ते तयार होतं साधारण ५२० ते ६६० किलोमीटर खोलीवर. तिथला दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या सुमारे दोन लाख पट असतो. दाब कमी झाला की ते मोडून दुसरंच काही होतं. हिऱ्यानं मात्र त्याला घट्ट झाकणाच्या करंड्यासारखं धरून ठेवलं आणि तसंच्या तसं वर आणलं.

ही खोली नीट डोळ्यांसमोर यावी म्हणून मी वर्गात एक युक्ती सांगतो. सांगलीहून रात्रीच्या बसनं बेंगळुरूला निघालात की सकाळी उतरेपर्यंत जेवढं अंतर होतं, तेवढं सरळ खाली जायचं. मुंबईच्या अंतराच्या थोडं पुढे, ४१० किलोमीटरवर, हा पट्टा सुरू होतो आणि ६६० ला संपतो. भूवैज्ञानिक त्याला संक्रमण पट्टा म्हणतात. वरच्या बाजूला वॅड्सलेआइट आणि खालच्या बाजूला रिंगवुडाइट ही त्यातली मुख्य खनिजं. दोन्ही मुळात ऑलिव्हिनच, दाबाखाली घट्ट बसलेलं. ऑलिव्हिन म्हणजे जैतुनाच्या रंगाचा हिरवा दगड, आणि त्याचं नावही जैतुनावरूनच पडलं. नोहाचं कबुतर चोचीत जैतुनाचं पान घेऊन परतलं, ते सिस्टरबाईंना लगेच आठवलं. निव्वळ योगायोग, पण दोघांनाही छान वाटला.

आता मुख्य मुद्दा. दगडात पाणी आहे म्हणजे नेमकं काय आहे?

बातमीत समुद्र हा शब्द आला की डोळ्यांपुढे अंधारी गुहा आणि तिच्यात डुचमळणारं पाणी येतं. तसं तिथे काहीही नाही. तलाव नाही, झिरपा नाही, ओलसुद्धा नाही. ते पाणी कसं आहे ते कळायला चुन्याकडे बघावं.

भट्टीतून आलेला कळीचा चुना पाण्यात टाकला की तो रटरटतो, वाफा सोडतो, फुलतो. पाणी बेतानं घातलं तर शेवटी हाताला कोरडी लागणारी पांढरी भुकटी उरते. हा विरवलेला चुना. चिमटीत धरा, बोट ओलं होणार नाही. पण असा एक किलो चुना घेतला तर त्यात जवळजवळ पाव किलो पाणी गेलेलं असतं. ते कुठे गेलं? पाण्याच्या कणात एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात. चुन्यात शिरताना तो कण मोडतो आणि त्याचे तुकडे चुन्याच्या बांधणीचाच भाग होतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन जोडीनं बसतात, त्या जोडीला हायड्रॉक्सिल म्हणतात. पाणी पाणीपणानं तिथे राहतच नाही. ते परत हवं असेल तर चुना पिळून चालत नाही, पुन्हा भट्टीत घालून पाचशे अंशांच्या वर तापवावा लागतो.

रिंगवुडाइटमध्ये पाणी याच रूपात आहे. त्याच्या बांधणीत मॅग्नेशियमच्या जागा असतात. त्यातल्या काही रिकाम्या राहतात, तिथे हायड्रोजन येऊन शेजारच्या ऑक्सिजनला चिकटतो. आपण जेव्हा दीड टक्का पाणी म्हणतो, तेव्हा तो दगड मोडून हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र केले तर किती पाणी होईल याचा हिशेब सांगत असतो.

मग तिप्पट समुद्र आला कुठून? एका गुणाकारातून. संक्रमण पट्ट्याच्या सगळ्या दगडाचं वजन काढायचं आणि त्यात सरसकट एक टक्का पाणी आहे असं धरायचं, तर पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या जवळपास तिप्पट पाणी होतं. यातला 'धरायचं' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि मथळ्यातून नेमका तोच गळतो. जुईनाचा स्फटिक एका जागेची साक्ष देतो. त्यावरून पृथ्वीभरचा पट्टा तसाच आहे असं म्हणता येत नाही. मात्र साक्षीदार वाढले आहेत. जून २०१४ मध्ये ब्रँडन श्मांट आणि स्टीव्हन जेकबसन यांनी अमेरिकेभर पेरलेल्या सुमारे दोन हजार भूकंपमापकांच्या नोंदी तपासल्या. जिथे दगड खाली सरकून ६६० किलोमीटरची सीमा ओलांडतो, तिथे भूकंपलहरी मंदावतात असं त्यांना दिसलं. तिथे थोडा दगड वितळलेला असावा. त्या सीमेखालच्या खनिजांना पाणी धरून ठेवता येत नाही, ते सुटतं आणि पाण्यामुळे दगड कमी उष्णतेला वितळतो. २०२२ मध्ये बोत्स्वानातल्या एका हिऱ्यातही रिंगवुडाइट मिळालं, तेही पाणी असलेलं. म्हणजे संक्रमण पट्टा निदान काही ठिकाणी तरी पाणी बाळगून आहे, यात आता फारशी शंका उरलेली नाही.

आकडे मोठे झाले की बुद्धी बधिर होते, म्हणून आपलं माप लावतो. कोयना धरण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे सुमारे तीन घन किलोमीटर. सगळे महासागर मिळून १३३ कोटी घन किलोमीटर. साधारण ४५ कोटी कोयना धरणं.

दाजींचं उत्तर इथेच जवळजवळ येतं, पण थोडं उरतं. साडेसहाशेऐवजी साडेसहा हजार फूट गेलो तर? पाणी दगडात रसायन होऊन बसण्याच्या आधी, भेगांमध्ये पाण्यासारखं पाणी किती खोल असतं?

हा प्रश्न आपल्या सातारा जिल्ह्याइतका जगात फार थोड्या ठिकाणी तपासला गेला आहे. कोयनेचा जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला आणि तेव्हापासून त्या भागात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. आमच्या घरातले म्हातारे अजून ती पहाट सांगतात. त्यानंतर इतक्या वर्षांत जमिनीखालचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध उलगडण्यासाठी इथे जेवढं काम झालं, ते जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. कोयनेच्या परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. आधी आपला काळा बेसॉल्ट, थर संपल्यावर खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक. पाणी इतक्या खोल भेगांतून उतरतं, तिथे ते दोन बाजूंच्या खडकांमधला दाब बदलतं आणि आधीच ताणलेली भेग सरकते. कोयनेचे बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले आहेत.

रशियात कोला इथे माणसानं खोदलेलं सर्वांत खोल छिद्र आहे, १२,२६२ मीटर. तळाशी तापमान १८० अंश. त्या खोलीवरच्या खडकांतही पाणी मिळालं आणि तेव्हा सगळेच चकित झाले. पण ते खडकाच्या बारीक भेगांत कोंडलेलं होतं, उपशाचं नव्हतं. आणखी खाली गेलं की वरच्या खडकाच्या भारानं भेगा मिटत जातात. दहा-बारा किलोमीटर ते चारशे किलोमीटर, मधल्या या अंतरात झरा वाहता राहील अशी जागाच उरत नाही.

दाजींना मी म्हणालो, आपलं पाणी म्हणजे पावसाचं पाणी. गेल्या काही वर्षांचं, फार तर काही पिढ्यांचं. ते मुरमात मुरतं, मांजऱ्या खडकाच्या सांदीत बसतं, दोन लाव्हांच्या मधल्या तांबड्या थरावर अडतं. तुमचा पाणाड्या दाखवील तिथे नाही, तर पावसाला आत शिरायला वाट मिळेल तिथे ते असतं. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून माण-खटावात आलं की त्याचा दहावा हिस्सासुद्धा मुश्किलीनं. पोटातला समुद्र हे अंतर भरून काढणार नाही. दाजी गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी उतरवा."

सिस्टरबाईंचा प्रश्न मात्र इतक्यात मिटणारा नव्हता, आणि त्यांनी तो फार नीट वाचून विचारला होता.

उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात पाणी दोन बाजूंनी येतं. वरून आकाशाची दारं उघडतात, खालून महाजलाशयाचे झरे फुटतात. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस, आणि उंच डोंगरांच्या वर पंधरा हात पाणी. आठव्या अध्यायात ते झरे बंद होतात आणि पाणी ओसरतं. फक्त पाऊस धरला तर हिशेब लागत नाही, हे पूर्वीच्या श्रद्धावान अभ्यासकांनाही कळलं होतं. आज आपल्याला मोजता येतं: सगळ्या पृथ्वीवरच्या हवेत या क्षणी जेवढी वाफ आहे ती एकदम खाली पडली, तर जमिनीवर सरासरी अडीच सेंटीमीटर पाणी साचेल. महाबळेश्वरला एवढा पाऊस जुलैतली एखादी सकाळ पाडते, कारण तिथे समुद्रावरून नवी वाफ सारखी येत राहते. साऱ्या जगावर एकाच वेळी तशी वाफ यायची तर ती आणायची कुठून? म्हणून सगळ्यांची नजर खालच्या झऱ्यांकडे गेली. थॉमस बर्नेट या इंग्रज धर्मपंडितानं १६८१ मध्येच मांडलं होतं की पृथ्वीचं कवच अंड्याच्या टरफलासारखं होतं, त्याच्या खाली पाणी होतं आणि टरफल फुटून प्रलय आला. २०१४ ची बातमी आली तेव्हा अनेकांना वाटलं, ते पाणी सापडलं.

आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आकडे खरोखर जवळ येतात. एव्हरेस्ट बुडवायचं तर समुद्रसपाटीवर पावणेनऊ किलोमीटर उंच पाणी हवं. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे सुमारे ४५० कोटी घन किलोमीटर जास्तीचं पाणी लागेल, आजच्या समुद्रांच्या साडेतीन पटींच्या आसपास. आणि संक्रमण पट्टा एक टक्क्याच्या हिशेबानं देतो जवळपास तिप्पट. पर्वत तेव्हा बुटके होते असं मानणारे तर म्हणतात, एवढंही लागणार नाही. सिस्टरबाईंचे डोळे इथे चमकले. त्यांच्या जागी मी असतो तर माझेही चमकले असते.

अडचण पाण्याच्या मापात नाही. ते पाणी बाहेर येण्यात आहे.

शंभर किलो रिंगवुडाइटमध्ये एक-दीड किलो पाणी आहे. ते सोडवायचं तर तो शंभर किलो दगड मोडावा किंवा वितळवावा लागतो, आणि मग त्या वितळलेल्या रसाला चारशे-पाचशे किलोमीटर वर आणावं लागतं. पृथ्वी हे काम करते, ज्वालामुखींमधून. ते किती मोठं काम आहे हे सातारा-सांगलीच्या माणसाला दुसरीकडे जाऊन बघायला नको. आपण ज्यावर घरं बांधली आहेत तो सगळा दख्खनचा बेसॉल्ट पृथ्वीच्या पोटातूनच आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एकात. आज तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि मूळचा लाव्हा दहा लाख घन किलोमीटरच्या घरात असावा असा अंदाज आहे. तो बाहेर यायला काही लाख वर्षं लागली.

संक्रमण पट्ट्यातला दगड आहे दहा हजार कोटी घन किलोमीटरच्या वर. भागाकार करून बघा. त्यातलं सगळं पाणी वर आणायचं तर दख्खनसारखे एक लाख उद्रेक हवेत. आणि ते चाळीस दिवसांत. तसं झालं असतं तर वर पाणी आलंच नसतं, हजार अंशांहून गरम शिलारस आणि वाफ आली असती. समुद्र उकळले असते. डांबर लावलेलं लाकडी तारू, त्यातली जनावरं आणि ते कबुतर, यांतलं काहीही त्यातून वाचलं नसतं. सिस्टरबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी तर जीव वाचवून ओसरलं, असं लिहिलंय."

मग मी त्यांना आमच्या सहलीचे फोटो दाखवले. अजिंक्यताऱ्याच्या चढावर, खंबाटकी घाटात, साताऱ्याभोवतीच्या कुठल्याही डोंगराच्या कापल्या बाजूला बघा. पायऱ्या दिसतात. दरेक पायरी म्हणजे लाव्हाची एक लाट, आणि दोन पायऱ्यांच्या मधे कुठे कुठे तो तांबडा थर, दाजींच्या बोअरमधून वर आला तोच. लाव्हा थंड झाला, ऊन-पाऊस खाऊन त्याचा वरचा भाग कुजला, माती झाली आणि मग त्या मातीवर पुढची लाट येऊन ती भाजून निघाली. असे थर एकावर एक. प्रत्येक थराच्या मधे माती होण्याइतकी फुरसत. या डोंगरांत एका वर्षाच्या जगबुडीला जागा मिळत नाही.

हे पहिल्यांदा मान्य करणाऱ्यांत धर्मगुरूच होते, हे मला सिस्टरबाईंना आवर्जून सांगावंसं वाटलं. केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक हे दीक्षा घेतलेले पाद्री आणि नामवंत भूवैज्ञानिक. गाळाचे आणि गोट्यांचे थर नोहाच्या पुरानं आणले असं ते आधी शिकवत. पुढे डोंगर-दऱ्या हिंडून त्यांना दिसलं की हे थर एका वेळचे नाहीत. १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत टिकली.

मग झरे फुटले हे शब्द आले कुठून? याचं मला सुचलेलं उत्तर सिस्टरबाईंच्याच घरातून आलं.

त्यांची लेक सांगलीला गावभागात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांबद्दल लेक जे सांगते ते सिस्टरबाईंनी मला आधीही सांगितलं होतं, पण मी ते या प्रश्नाशी जोडलं नव्हतं. "पाणी रस्त्यावरून आलंच नाही सर. पाऊस उघडला होता, अंगण कोरडं होतं. आधी मोरीतून आलं. मग मागच्या आडातून वर चढलं. रस्ता सगळ्यात शेवटी बुडाला."

नदीकाठच्या सपाट गावात पूर असाच येतो. नदी फुगली की तिचा दाब गटारांतून, नाल्यांतून, जमिनीतल्या पाण्यातून मागे रेटतो. ज्यानं हे पाहिलं आहे तो पूर आठवताना वरचा पाऊस आणि खालचा झरा, दोन्ही सांगणारच. आणि जलप्रलयाची कथा जिथे सर्वांत जुन्या रूपात सापडते ती मेसोपोटेमियाची भूमी, टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या मधली, सांगलीहूनही सपाट आहे. दलदलीची, हातभर खणलं की पाणी लागणारी. तिथल्या लोकांची समजूत होती की जमिनीखाली गोड्या पाण्याचा अथांग साठा आहे. त्याला ते अप्सू म्हणत. विहिरी, झरे, नद्या सगळं त्यातून येतं. बायबलच्या हिब्रूतला तेहोम, म्हणजे महाजलाशय, याच शेजारातला शब्द आहे.

१८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाट्या वाचताना जॉर्ज स्मिथ यांना गिल्गामेशच्या कथेतला पूर सापडला. देवाचा इशारा, नाव, जनावरं, डोंगरावर टेकलेली नाव, सोडलेले पक्षी. नोहाच्या कथेशी इतकं साम्य की लंडनमध्ये खळबळ उडाली. १९२९ मध्ये उर या प्राचीन शहरात लिओनार्ड वुली यांना खोल खणताना पुरुषभर उंचीहून जाड, स्वच्छ गाळाचा थर मिळाला. त्यांना वाटलं, हाच तो पूर. पुढे शेजारच्या शहरांतही पुराचे थर मिळाले, पण त्यांचे काळ वेगवेगळे निघाले. म्हणजे तिथे एकदाच सगळं बुडालं असं नाही. मोठे पूर पुन्हा पुन्हा आले, गावंच्या गावं घेऊन गेले आणि त्यांची आठवण कथेत साठत राहिली. आपल्याकडेही शतपथ ब्राह्मणात मनू आहे, त्याला वाचवणारा मासा आहे आणि उत्तरेच्या पर्वताला बांधलेली नाव आहे. नदीकाठी राहिलेल्या लोकांनी जगाचा अंत पाण्यातच पाहिला.

सिस्टरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, आणि मला पटलं असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "मग हे समुद्र तरी पहिल्यांदा कुठून आले?"

आणि इथे मला माझंच बोलणं थोडं मागे घ्यावं लागलं. कारण समुद्राचं पाणी कुठून आलं याचं आजचं उत्तर असं आहे: काही बाहेरून, उल्कांबरोबर, आणि बरंचसं बहुधा आतूनच. पृथ्वी घडली तेव्हा तिच्या दगडांत पाणी याच रूपात, हायड्रोजन चिकटलेलं, कोंडलेलं होतं. शिलारस वर येताना ते वाफ होऊन सुटलं, आकाशात गेलं, थंड होऊन कोसळलं आणि खळग्यांत साठलं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे कण सापडले आहेत, ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने. त्यांच्यातल्या ऑक्सिजनवरून दिसतं की तेव्हाही पृथ्वीवर पाणी होतं. म्हणजे आतले झरे फुटले हे खरं आहे. फक्त ते चाळीस दिवसांचं काम नव्हतं, आणि ते कोणाला बुडवायला आले नव्हते. तेव्हा बुडायला कोणी नव्हतंच.

"आणि ते बंद झाले का?" त्यांनी आठव्या अध्यायावर बोट ठेवून विचारलं.

नाही. समुद्राच्या तळावर लांबच लांब भेगांतून आजही शिलारस येतो आणि आपल्याबरोबर थोडं पाणी आणतो. ज्वालामुखींच्या धुरात सर्वांत जास्त असते ती पाण्याची वाफच. आणि पाणी परतही जातं. हिंदी महासागराचा तळ सुमात्रा आणि जावाच्या खाली दरवर्षी काही सेंटीमीटर सरकतो. आपली नखं वाढतात त्या गतीनं. तळाच्या खडकात मुरलेलं समुद्राचं पाणी त्याच्याबरोबर खाली ओढलं जातं. वाटेत दाब आणि उष्णतेनं बरंचसं सुटतं, वरच्या गरम दगडात शिरतं, तो दगड वितळतो आणि जावातल्या मेरापीसारख्या ज्वालामुखींतून ते पुन्हा वाफ होऊन आकाशात जातं. थोडं मात्र सुटत नाही. ते आणखी खाली, त्या संक्रमण पट्ट्यापर्यंत पोचतं आणि तिथे कोट्यवधी वर्षं राहतं. हे पाणी नसतं तर आतला दगड आजच्याइतका मऊ राहिला नसता, खंडांना आजच्यासारखं सरकता आलं नसतं. हिमालयही आजच्यासारखा नसता, आणि त्यावर अडणारा पाऊसही. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी दीर्घकाळात साधारण सारखं राहतं, म्हणून समुद्रातलं एकूण पाणी कोट्यवधी वर्षं फार घटलं-वाढलं नसावं.

सिस्टरबाईंनी पेन्सिल घेतली आणि बायबलच्या समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. रिंगवुडाइटमधला 'वु' ऱ्हस्व की दीर्घ, एवढं विचारून घेतलं.

दाजींनी साडेसहाशे फुटांवर बोअर सोडून दिला. मे महिन्यात जुन्या विहिरीतला गाळ काढला आणि वरच्या माळाला आडव्या चरी पाडल्या. विहीर पन्नास फूट आहे आणि तळाशी तोच तांबडा थर लागतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस चांगला पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मागे अक्काचा आवाज येत होता, बादली कुठे ठेवली म्हणून.

"पाव्हणं, तांबड्या थराच्या वर उजव्या अंगाला झरा फुटलाय. मनगटाएवढा. या बघायला."